राखीव मेमरी

१

कॉम्प्युटरला नवीन काही दिलं की तो जुनं काहीतरी बिघडवून ठेवतो, हे लाकोत अनुभवाने शिकली होती. किटगुमच्या त्या लहानशा रेडिओ स्टेशनातली सगळी यंत्रं तीच सांभाळायची. असली कामं ती सोमवारी काढायची, कारण सोमवारी जाहिराती कमी असत आणि चार मिनिटं आवाज गेला तरी कुणी आरडाओरडा करत नसे. त्या सोमवारी तिने प्रसारणाच्या कॉम्प्युटरवर नवा कर्नल चढवला. कर्नल म्हणजे मशीनच्या आतला कारभारी, कुणाला किती मेमरी द्यायची ते ठरवणारा. मशीन बंद झालं, परत सुरू झालं, गाणं लागलं. लाकोतने चहा केला आणि भुईमुगाचे दाणे तोंडात टाकत ती पंख्याखाली बसली.

माशी शिंकली ती दुपारच्या बातम्यांत. आवाज मध्येच अडखळायला लागला. काचेपलीकडे निवेदक लाबेजा मानेवरून बोट फिरवून दाखवत होता, म्हणजे मेलो, वाचव. लाकोतने पडद्यावर पाहिलं. मशीनमध्ये सोळा जीबी मेमरी होती, ती स्वतः बसवलेली. पडदा बाराच दाखवत होता.

बातम्या संपल्यावर लाबेजा घाम पुसत आत आला. काय झालं ते तिने सांगितलं, तर म्हणाला, "चारच गेली ना? आमच्या गल्लीत अख्खी बकरी जाते आणि कुणी ब्र काढत नाही. तू कशाला जीव आटवतेस?"

"बकरी कुणीतरी खातं," लाकोत म्हणाली. "ही कुणी खाल्ली ते मला कळायला नको?"

२

आधी तिने सोप्या गोष्टी पाहिल्या. मशीन उघडलं, मेमरीच्या पट्ट्या काढल्या, त्यांचे दात खोडरबराने घासले, जागा बदलून परत बसवल्या. मशीन चालू होताना, कर्नल उठायच्या आधी, सोळाच्या सोळा जीबी नीट मोजल्या जात होत्या. म्हणजे पट्ट्या शाबूत होत्या. कारभारी जागा झाला की मात्र बारा.

मग तिने जुन्या कर्नलवर मशीन सुरू केलं. रविवारपर्यंत याच कर्नलला सोळा दिसत होत्या. आता त्यालाही बाराच दिसल्या. लाकोत पडद्याकडे बघत बसली. दोष नव्याचा असता तर जुन्याला तो लागायला नको होता.

राजधानीत, कंपालात, एक ओळखीचा माणूस होता, उंटावरून शेळ्या हाकणारा, पण हुशार. त्याने फोनवर हसत सांगितलं की हे नेहमीचंच आहे. नव्या आवृत्तीबरोबर एक दुसरा, छोटा कर्नल येतो. तो मेमरीचा एक तुकडा अडवून आत नुसता पडून असतो. पहिला मेला की हा उठतो आणि पहिला कशाने मेला ते लिहून ठेवतो. "तो काढून टाक," माणूस म्हणाला, "तुझी मेमरी तुला परत."

लाकोतने काढून टाकला. मशीन परत सुरू केलं, तरी बाराच. मशीन उठताना स्वतःशी जे पुटपुटतं ते सगळं ती ओळ न ओळ वाचत गेली, आणि शेवटी तिला ती ओळ सापडली. चार जीबी राखीव. असल्या ओळीत कुणासाठी राखीव ते लिहिलेलं असतं, व्हिडिओसाठी, कुठल्यातरी कार्डासाठी. इथे नावाची जागा कोरी होती.

मंगळवारी संध्याकाळी चाराच्या पाच झाल्या. लाकोतच्या मनात पाल चुकचुकली, पण ती कारणं शोधणारी बाई होती. तिने एकेका कार्यक्रमाच्या वेळची नोंद काढून पाहायला सुरुवात केली. गाणी वाजली तर आकडा हलत नव्हता. बातम्या झाल्या, जाहिराती झाल्या, फादरचं प्रवचन झालं, काही फरक नाही. आकडा हलायचा तो फक्त एकाच गोष्टीनंतर. तिने नोंदी तीनदा ताडून पाहिल्या.

ती गोष्ट म्हणजे तिच्या आईची हाक.

३

लढाईच्या काळात या स्टेशनावर रोज हाका लागायच्या. रानातल्या बंडखोरांनी पळवून नेलेल्या पोरांच्या आया ओळीने माइकसमोर बसायच्या आणि आपल्या पोराला नावाने बोलवायच्या. रानात कुणाकडे तरी रेडिओ असायचा. काही पोरं ते ऐकून पळून आलीसुद्धा. मग येणारे कमी झाले, आणि वर्षं गेली तसं एकेक घर थकलं. घर थकलं की ते निरोप पाठवायचं, लाबेजा मृत्यूच्या बातम्यांत ते नाव वाचायचा, घरी दिवसपाणी व्हायचं, आणि त्या पोराची हाक बंद व्हायची. आता एकच हाक उरली होती.

ओयात लाकोतचा थोरला भाऊ. नेलं तेव्हा अकरा वर्षांचा होता. लाकोत सात वर्षांची, धान्याच्या कणगीखाली लपलेली. तिला त्याच्या फक्त टाचा दिसल्या होत्या. त्याला वीस वर्षं होऊन गेली. निर्वासितांचा कॅम्प मोडून लोक आपापल्या जमिनीवर परतले तेव्हा आईला घोर लागला की पोरगा आला तर कॅम्पात जाईल, तिथे तर कुत्रंही नाही. म्हणून केरोबिनाने, म्हणजे लाकोतच्या आईने, नवी हाक भरून दिली. तीच रोज संध्याकाळी लागायची:

"ओयात, मी आई बोलतेय. कॅम्प मोडला रे. आपण जुन्या जमिनीवर आलोय. पुलावरून डावीकडे वळ. हातपंप लागेल, मग गिरणी लागेल. पुढे शियाची, तेलबियांची झाडं, मग उंच गवत. गवत ओलांडलंस की आपलं अंगण. तुला कुणी काही बोलणार नाही. ये."

पण यंदा ओडोकी काका हटून बसले होते. पोराला किती वर्षं वाटेवर उभं ठेवणार वहिनी, त्याला निजू द्या, असं म्हणून त्यांनी दिवसपाण्यासाठी शनिवार धरला. बकरे ठरले, मोठी पातेली शेजाऱ्यांकडून आली. आईने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. शुक्रवारी रेडिओवर ओयात गेल्याची बातमी वाचायची होती. ती वाचली की तो मेला. तोपर्यंत नाही.

४

बुधवारी दुपारी तिने जे केलं ते दुसऱ्या कुठल्या कचेरीतल्या माणसाला सुचलं नसतं. रेडिओवाल्यांची खोडच ती, काही कळेनासं झालं की कान लावायचा. राखीव भागात जे काही होतं ते वाचून समजण्यासारखं नव्हतं, नुसते आकडे. म्हणून तिने ते जसंच्या तसं उचललं आणि स्टुडिओच्या स्पीकरवर सोडलं.

खरखर आली. मेमरी अशी वाजवली की खरखरच यायची. लाबेजा दारात उभा राहून टाळ्या वाजवत म्हणाला की आजवरच्या कार्यक्रमांत हाच सगळ्यात बरा. मग तो थांबला. त्याने मान तिरकी केली. पंधरा वर्षं माइकसमोर काढलेला माणूस, कान त्याचे तयार.

"हा खोलीतला आवाज नाही," तो हळू म्हणाला. "उघड्यावरचा आहे. हवा ऐक."

खरखरीच्या खाली हवा होती. कुठेतरी लांब पारवे घुमत होते. आणि पावलं. अनवाणी पावलं, धुळीतून, एका चालीने. मग धुळीचा आवाज बदलून फळ्यांचा झाला. लाकोतने तो लगेच ओळखला. नदीवरच्या पुलाच्या फळ्या, त्यातली तिसरी का चौथी सैल आहे, ती तशीच वाजली.

"जुनं काहीतरी रेकॉर्डिंग असणार," लाकोत म्हणाली. "मशीनमध्ये राहून गेलेलं."

लाबेजाला बाजारात काम होतं म्हणे. एरवी पाच वाजेपर्यंत खुर्ची न सोडणारा माणूस, टोपी विसरून गेला.

लाकोतने सगळा साठा तपासला. स्टेशनात पुलाचं रेकॉर्डिंग नव्हतं. पुलावर जाऊन कोण कशाला रेकॉर्ड करणार? संध्याकाळी आईची हाक लागली, आणि राखीव आकडा पाचाचा सात झाला. मशीन इतकं धापा टाकायला लागलं की स्टेशनच्या साहेबांनी बजावलं, शनिवारी सगळं पुसून नव्याने भर.

५

गुरुवारी सकाळी तिने कानाला हेडफोन लावला आणि दार आतून लावून घेतलं.

हातपंप ऐकू आला. घराजवळचाच, कारण त्याचा दांडा वर जाताना कण्हतो आणि खाली येताना गप्प असतो, आणि लाकोतने त्यावर निम्मं लहानपण घालवलं होतं. कुणीतरी पाणी पीत होतं. लाकोतच्या डोळ्यांत पाणी आलं. तिची बुद्धी म्हणत होती, वेडे, हे मशीन आहे. पण मन कधीच पुढे पळालं होतं. तो येतोय. आईने सांगितलेल्या वाटेने, सांगितलेल्या क्रमाने, एकेका हाकेसरशी थोडा थोडा येतोय. ती हेडफोनवर दोन्ही हात दाबून हसत होती आणि रडत होती.

मग तिचं हसणं हळूहळू थांबलं. पंप अजून चालूच होता. कितीतरी वेळ चालला तो. दांडा वर, दांडा खाली, वर, खाली. एका माणसाची तहान एवढी नसते.

ती दुपारी मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून घराकडे निघाली आणि पंपापाशी उतरली. बायका डबे घेऊन लांबच उभ्या होत्या. त्यांतल्या एकीने सांगितलं की सकाळपासून पंप कोरडा आहे, इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पंपाभोवती मात्र चिखल होता. चिखलात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. तो नुसता चोपून सपाट झाला होता, खळं सारवल्यासारखा.

गुरं आली असतील, लाकोत मनाशी म्हणाली. गुरांचे खूर उमटतात, हेही तिला ठाऊक होतं. ती घरी न जाता तशीच परत फिरली आणि संध्याकाळची हाक तिने स्वतःच्या हाताने लावली. न लावणं तिच्याने झालं नाही.

६

शुक्रवारी ती आली ती ठरवूनच. आज एकदा ऐकायचं, मग काकांकडे जायचं, पाय धरायचे, शनिवारचं सगळं थांबवायचं. काय सांगणार ते तिला माहीत नव्हतं. पोरगा पंपापर्यंत आलाय म्हणून सांगितलं तर काकांनी तिलाच मांत्रिकाकडे नेलं असतं.

तो गिरणीच्या पुढे आला होता. पारवे नव्हते, कुत्री नव्हती, कुठे कसलाच आवाज नव्हता. गवत तेवढं सळसळत होतं. पुढे एका माणसाएवढी सळसळ, हलकी. तिच्या मागे दुसरी सळसळ, इतकी रुंद की डाव्या कानापासून उजव्या कानापर्यंत तीच भरली होती. पुढची थांबली. मागची थांबली.

मग कुणीतरी अगदी कानाशी श्वास घेतला.

"लाकोत."

आवाज पोराचा होता. फुटलेलाही नव्हता अजून. शेजारी निजलेल्याला जाग येऊ नये म्हणून पोरं बोलतात तसा तो बोलत होता.

"लाकोत, आईला सांग, बोलवू नको. हाक आली की मला चालावंच लागतं. मी चाललो की ते चालतात." मग आणखी हळू, "ताई, मी एकटा नाहीये."

तो तिला चेष्टेने ताई म्हणायचा, धाकटी असून सगळ्यांवर दरडावायची म्हणून. हे घराबाहेर कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. लाकोतने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तिला भीती वाटली नव्हती असं नाही. पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी आत तुटलं होतं, कारण पोरगा दाराशी आला होता आणि येऊ नको म्हणून तिलाच सांगायचं होतं.

तिने आईची हाक मशीनमधून पुसली. मग लाबेजाकडून बातम्यांचा कागद मागितला. लाबेजाने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि निमूटपणे खुर्ची सोडली. लाकोत माइकसमोर बसली. केरोबिनाचा मुलगा ओयात वारला, उद्या शनिवारी दिवस आहेत, नातलगांनी यावं, असं तिने सरळ वाचलं. आवाज हलू दिला नाही.

बाहेर येऊन तिने पडद्यावर पाहिलं. सोळाच्या सोळा जीबी मोकळ्या झाल्या होत्या. गाणं लागलं होतं आणि कुठेही अडखळत नव्हतं.

७

घरी पोचेपर्यंत दिवस कलला होता. अंगणात पातेली पालथी घातलेली होती, काकांनी आणलेले बकरे शियाच्या झाडाला बांधले होते. पाहुणे उद्या यायचे होते. आई अंगणाच्या कडेला, गवताकडे तोंड करून, आखूड बाकावर बसली होती. तिच्या मांडीवर तिचा लहान रेडिओ होता, बंद केलेला.

"बातमी तू वाचलीस," आई म्हणाली. "लाबेजाने का नाही वाचली?"

लाकोतने काहीतरी थातुरमातुर सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"पोरी, तुझा आवाज मी ओळखते. तू काहीतरी ऐकून आली होतीस."

लाकोत तिच्याशेजारी खाली बसली. खोटं बोलायचं असं ती वाटेने घोकत आली होती. पण वीस वर्षं वाट बघणाऱ्या बाईशी तोंडावर खोटं बोलणं सोपं नसतं. तिने सगळं सांगितलं. पूल, पंप, गवत. आवाज कुणाचा होता ते सांगितलं.

"केवढा वाटला?" शेवटी आईने विचारलं.

"तेवढाच. नेला तेव्हा होता तेवढाच."

आईने डोळे पुसले. मग तिने विचारलं, "घाबरला होता?"

"हो. म्हणाला, आईला सांग, बोलवू नको. तो एकटा नाहीये, आई. त्याच्या मागे कोणीतरी आहे. पुष्कळ आहे."

समोर गवत उभं होतं, माणसाच्या डोक्याहून उंच. वारा नव्हता. आई कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली, आणि लाकोतला वाटलं, पटलं आईला.

"माइकसमोरच्या त्या ओळीत माझ्या पुढे मागे बसायच्या त्या बाया," आई म्हणाली. "फिल्डा गेली. सांता गेली. जेरोलिनाला आता काही आठवत नाही. त्यांनी हाक मारणं सोडलं. मग त्यांची पोरं कुणाच्या मागे जाणार?"

"आई, ती पोरं नाहीयेत. तू पंपापाशी जाऊन बघ. पोरं नाहीयेत ती."

"तू पाहिलीस?"

लाकोतने पाहिली नव्हती.

"माझा अकरा वर्षांचा पोरगा रानात त्यांच्या पुढ्यात उभा आहे," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "घाबरलाय. आणि तू म्हणतेस, त्याला तिथेच उभा ठेवू? एकदा नेलं तेव्हा मी शेतात होते गं. आज इथे आहे."

ती उठली. लाकोतने तिचा हात धरला, मग दोन्ही हात धरले, मग तिच्या तोंडावर हात ठेवला, स्वतःच्या आईच्या. आईने तो हात हळूच बाजूला केला, लहानपणी करायची तसाच, राग न धरता.

"ओयात," तिने हाक मारली. "ओयात रे, इकडे. मी आई. ये."

गवत शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदमच लवलं. बकरे दाव्याला हिसके द्यायला लागले. गवताच्या कडेला एक पाऊल बाहेर आलं, लहान, अनवाणी, धुळीने पांढरं झालेलं. आईने ते पाहिलं आणि ती हात पसरून पुढे निघाली. लाकोतने त्या पावलामागून, गवत चोपून सपाट करत, जे बाहेर येत होतं ते पाहिलं, आणि आईला थांब म्हणायला तिच्या तोंडून आवाज फुटला नाही.